मागच्या पट्ट्यातलं पाणी

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मी उभी राहिले आणि म्हणाले, "तो मागचा पट्टा मला एका वर्षासाठी द्या." बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की हे मी घरी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवला आणि छताकडे पाहिलं.

पट्टा म्हणजे विश्रांतवाडीतल्या आमच्या इमारतीच्या मागची मोकळी जागा. रुंदी पंधरा फूट आणि लांबी इमारतीएवढी. एका अंगाला इमारत, दुसऱ्या अंगाला कंपाउंडची भिंत. बिल्डरने जाताना उरलेला सगळा राडारोडा तिथेच टाकला होता आणि त्यावर गाजरगवत माजलं होतं. आमचा चेअरमन म्हणजे आयटीतला एक तरतरीत तरुण. त्याला तिथे पेव्हर ब्लॉक टाकून गाड्या लावायची सोय करायची होती. ठराव टाइप होऊन आला होता, फक्त हात वर व्हायचे बाकी होते.

तळमजल्यावर बाई राहतात. शाळेतून निवृत्त झालेल्या, पंचाहत्तरीच्या, एकट्या. सोसायटीत लहानथोर सगळे त्यांना बाईच म्हणतात. त्यांच्या स्वयंपाकघराचं मागचं दार त्या पट्ट्यात उघडतं, आणि दर पावसाळ्यात दोन-तीनदा तरी त्या दारातून पाणी आत शिरायचं. पेव्हर ब्लॉक टाकले की पाणी सरळ गटारात जाईल, असं चेअरमनचं म्हणणं होतं.

माझं बोलणं ऐकून बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी सरकारी कार्यालयात अधीक्षक होते म्हणून त्या मला मॅडम म्हणतात. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे मला अजून कळलेलं नाही.

"मॅडम, तुमची तिथे बाग होवो नाहीतर वाळवंट होवो, मला काही कर्तव्य नाही. पाणी माझ्या घरात येता कामा नये."

"फेअर एनफ," चेअरमन म्हणाला. "एक मान्सून देऊ या मॅडमना. पाणी एकदा जरी आत आलं, तरी दिवाळीच्या सुट्टीत पेव्हर. ओके?"

"ओके," मी म्हणाले. इतिवृत्तात तसं लिहिलं गेलं आणि खाली माझी सही झाली.

आता हे खूळ माझ्या डोक्यात कुठून आलं ते सांगते. निवृत्तीनंतर वेळ जाता जात नव्हता. त्या ऑगस्टमध्ये पुण्याबाहेरच्या एका शेतावर मी पर्माकल्चरची एक दिवसाची कार्यशाळा केली. पर्माकल्चर म्हणजे जमिनीशी भांडण न काढता, पाणी, झाडं, किडे सगळ्यांना आपापलं काम करू देऊन शेत उभं करायचं, एवढं मला त्या दिवशी कळलं. बाकी सगळे विशीतिशीतले, डोक्यावर मोठाल्या टोप्या घातलेले. मी एकटीच साडी आणि स्पोर्ट्स शूज घालून, हातात वही घेऊन बसले होते. शिकवणाऱ्याने पहिलाच नियम असा सांगितला, की जमिनीला हात लावण्याआधी वर्षभर तिच्याकडे नुसतं बघा. मला हसूच आलं. वर्षानुवर्षं नुसतं बघत राहण्याचं काम मी सरकारी नोकरीत पुरेसं केलेलं होतं. आता मला काहीतरी करायचं होतं.

आणखी एक गोष्ट होती, ती मी त्या सभेत बोलले नाही. आमचं मूळ गाव भंडाऱ्याकडचं. आजोबांनी जन्मभर दुसऱ्याच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, धानाची रोवणी केली. आजोबांनी दीक्षा घेतली, वडिलांनी शिक्षण घेतलं, मी नोकरी घेतली, पुण्यात फ्लॅट घेतला. जमीन मात्र आमच्या घरात कुणाच्याच वाट्याला आली नाही. फ्लॅट चौथ्या मजल्यावर, म्हणजे आपलं म्हणायला जे होतं तेसुद्धा हवेत. इथे काय लावायचं ते मी ठरवीन, असं म्हणता येईल अशी वीतभर माती मला आयुष्यात एकदा हवी होती. त्या पंधरा फुटांत मला ती दिसली आणि मी उभी राहिले. वय साठ आणि गुडघे त्याहून म्हातारे, तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मी पहार घेऊन मागे उतरले. नवऱ्याने वरच्या खिडकीतून डोकावून पाहिलं. तीस वर्षं पुण्यात राहूनही त्यांची बोली तसूभर हललेली नाही. "काहून एवढी घाई करून राहिली? जमीन काय पळून चालली का?"

"अहो, खाली या आणि घमेलं धरा," मी म्हणाले. ते आले, धरलंही. फक्त तोंडाने बोलत राहिले.

राडारोडा काढायला दिवाळी उजाडली. विटांचे तुकडे, फुटक्या फरशा, सिमेंटच्या दगड झालेल्या गोण्या. सगळा माल मी टेम्पो बोलावून हौसेने बाहेर घालवला, आणि त्याचा पश्चात्ताप पुढे झाला. खाली जी माती लागली ती माती म्हणण्यासारखी नव्हतीच. पांढरट, कडक, पहार मारली तर टणकन आवाज यायचा. कार्यशाळेत सांगितलं होतं, उघडी माती म्हणजे उघडी जखम, तिला झाका. मग मी झाकायला जे मिळेल ते गोळा करत सुटले. गल्लीत झाडणाऱ्या ताई पाल्याचे ढीग पेटवायच्या. त्यांच्या हातापाया पडून तो पाला मी पोत्यांत भरून आणू लागले. कोपऱ्यावरचा रसवाला उसाची चिपाडं द्यायला लागला. नंतर तर मला बघितलं की तो दुसरीकडे बघायचा.

दर शनिवारी मंडईत जाऊन मी कोबी-फ्लॉवरचा टाकलेला पाला आणायचे. पहिल्या दिवशी एका भाजीवाल्या मावशीने विचारलं, "म्हस पाळली का काय?" मी म्हटलं, "नाही, जमीन पाळलीय." तिने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि आणखी दोन टोपल्या पाला पोत्यात ओतला. वेड्या माणसाला नाही म्हणू नये, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. ते पोतं ओढत मी स्वारगेटपर्यंत चालत जायचे, कारण तिथे बस रिकामी मिळते. एकदा कंडक्टर म्हणाला, "ताई, याला खिडकीची जागा द्या, नाहीतर गाडी लागेल त्याला." सगळी बस हसली. मी पोतं खरंच खिडकीशी सरकवलं आणि विश्रांतवाडीपर्यंत ताठ बसून आले.

फेब्रुवारीत एका सकाळी पाला बाजूला केला, तर खाली काळसर ओलावा आणि त्यात एक गांडूळ. एकच. मी एवढ्या जोरात ओरडले की तीन मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या. साप निघाला असं वाटून वॉचमन काठी घेऊन धावत आला. मी त्याला गांडूळ दाखवलं. तो माझ्याकडे बघत काठी टेकून उभा राहिला आणि मग परत गेला.

बाई हे सगळं मागच्या दारातून बघत असत. रोज सकाळी त्या दाराच्या पायरीवर तुळशीच्या कुंडीपुढे दोन बोटांची रांगोळी काढत, मग कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत. "काय मॅडम, आज काय पुरताय?" एवढंच विचारत. मी हसून वेळ मारून न्यायचे. आमच्यात बोलणं असं फारसं नव्हतंच. मागे एकदा माझ्या कुंड्यांचं पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या पापडांवर पडलं होतं, तेव्हापासूनचं ते होतं.

मे महिन्यात मी मुख्य काम काढलं, ते म्हणजे चर खणणं. डावीकडच्या टोकाला भिंतीपलीकडे एक मोकळा प्लॉट आहे. उजवीकडे गेट आणि गटाराचं चेंबर. इमारतीच्या गच्चीवरचं पाणी आणणारा मोठा पाइपही उजव्या टोकालाच उतरतो, आणि बाईंच्या घरात शिरतं ते त्याचंच पाणी, अशी माझी पहिल्यापासून खात्री होती. बाईंचं दार साधारण मध्यावर. चेंबर उजवीकडे आहे म्हणजे उतारही उजवीकडेच असणार, हे मला इतकं उघड वाटलं की मी तपासलंसुद्धा नाही. दोरी बांधली आणि इमारतीला समांतर, या टोकापासून त्या टोकापर्यंत असा चर खणून घेतला, की फाइलमध्ये लावावा. कुठे वाकडा नाही, कुठे कमीजास्त नाही. नवऱ्याने फोटो काढून भंडाऱ्याला पाठवला. माझी थोरली बहीण फोनवर म्हणाली, "लय सुंदर झालं बापा. पण पाणी सरळ रेषेत चालते का वो?" मी विषय बदलला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तर मिळालं. पाऊस काही फार मोठा नव्हता, तासभर जोराची सर आली एवढंच. मी छत्री घेऊन उत्साहाने खाली गेले, आपला चर भरलेला बघायला. चर भरला होता. तुडुंब भरला होता आणि उजवीकडे जायचं नाव घेत नव्हता. बरोबर बाईंच्या दारासमोर तो फुगला, काठावरून सांडला आणि पायरीवरून आत गेला. मी बघत उभी राहिले. हातात छत्री, पायात नवे गमबूट, आणि डोळ्यांसमोर माझ्याच चराने आणलेलं पाणी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरत होतं.

आत गेले तेव्हा फरशीवर बोटभर पाणी होतं. बाई पदर खोचून तांदळाचा डबा ओट्यावर ठेवत होत्या. मी खराटा घेतला. दोघींनी मिळून पाणी बाहेर काढलं, फरशी पुसली. संपलं, असं वाटलं. एकदा जरी पाणी आत आलं तरी पेव्हर, आणि खाली माझी सही.

"बाई, मी चेअरमनना सांगते," मी म्हणाले. "माझं चुकलं."

"सांगा की. तुमचं तोंड, तुम्ही ठरवा," बाई म्हणाल्या. "मी सांगणार नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या बातम्या त्याला पुरवायला मी वार्ताहर नाही." मग खुर्चीवर बसल्या, पाय पुसले आणि म्हणाल्या, "मला एक सांगा मॅडम. दहा महिने तुम्ही माझ्या दारासमोर खणताय. त्या कार्यशाळेत विचारलंत, इंटरनेटवर विचारलंत. पाणी कुठून येतं ते मला एकदा तरी विचारलंत?"

मी हातातला खराटा दाराशी टेकवून ठेवला.

"एकोणीस वर्षं मी त्या पायरीवर रांगोळी काढते. पावसात ती नेहमी डाव्या कोपऱ्यातून पुसायला लागते. डाव्या. तुमचा तो गच्चीचा पाइप उजवीकडे आहे. सोसायटीला तीन पत्रं लिहिली मी. तिन्हींना एकच उत्तर, कार्यवाही सुरू आहे."

ते वाक्य ऐकून मी खाली बघितलं. नोकरीत असताना ते मी स्वतः किती पत्रांवर लिहिलं असेल, ते मलाच माहीत. आणि वर्षभर नुसतं बघा म्हणणाऱ्या त्या माणसाला मी मनातल्या मनात हसले होते. नोकरीतल्या माझ्या आळसाच्या मापाने मी त्याचा नियम मोजला होता. इथे एक बाई एकोणीस वर्षं रोज सकाळी बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे पाठ करून खणत होते. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मग तुम्ही माझी तक्रार का करत नाही?" मी विचारलं.

"गाड्या आल्या तर धूर थेट माझ्या फोडणीत. आजवर मला दोनच पर्याय होते, पाण्यात उभं राहायचं नाहीतर धूर खायचा. तुम्ही तिसरा आणलात. तो जरा नीट आणा, एवढंच म्हणणं आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं तशी बाईंनी मला खालूनच हाक मारली. त्यांच्या हातात दिवाळीच्या उरलेल्या रांगोळीच्या पुड्या होत्या. गुलाबी, निळी, हिरवी. "नुसत्या पांढऱ्याने दिशा कळेल, पण कुठलं पाणी कुठे जातं ते कळायला रंग पाहिजेत," त्या म्हणाल्या. विज्ञान शिकवायच्या शाळेत, हेही मला तेव्हाच कळलं. डाव्या टोकाला भिंतीच्या बुडाशी आम्ही गुलाबी रांगोळी जाड ओतली. उजवीकडे गच्चीच्या पाइपखाली निळी. मधे कंपाउंडच्या कडेने हिरवी. मग एका छत्रीखाली दोघी उभ्या राहिलो.

चारच्या सुमारास पाऊस सुरू झाला. वरच्या गॅलरीतून चेअरमन ओरडला, "अहो मॅडम, काय सुरू आहे? होळी झाली ना?"

"झाली," बाई वर न बघता म्हणाल्या. "तुम्हाला बोलवायचं राहून गेलं."

मग जे घडलं ते मी जन्मात विसरणार नाही. ज्या पाइपला मी वर्षभर शिव्या घातल्या होत्या, त्याचं निळं पाणी चार पावलं गेलं आणि चेंबरजवळच्या एका भगदाडात गुपचूप उतरलं. बाईंच्या दाराकडे निळा थेंबसुद्धा आला नाही. हिरवं पाणी भिंतीशीच घुटमळत राहिलं. आणि गुलाबी? भिंतीच्या बुडातल्या एका फटीतून पलीकडच्या प्लॉटचं पाणी येत होतं. ते गुलाबी रंग घेऊन निघालं, जमिनीतल्या एका जुन्या झाकणाला वळसा घातला, माझ्या सरळसोट चरात उतरलं आणि तिथून थेट बाईंच्या पायरीशी. म्हणजे सखल जागा चेंबरकडे नव्हतीच. चेंबरभोवती बिल्डरने भर टाकून उंचवटा केला होता आणि सगळ्यात खोल जागा होती ती बाईंच्या दारासमोर. मी चर खणून त्या पाण्याला हमरस्ता करून दिला होता.

"बाई!" मी ओरडले. "डावीकडूनच येतंय!"

"मी कुठे नाही म्हणाले," बाई म्हणाल्या. पण हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघत होते. आम्ही दोघी भिजत त्या गुलाबी रेघेच्या कडेकडेने चालत गेलो आणि वळणावळणावर एकेक वीट ठेवत गेलो.

पुढचे पाच आठवडे मी माझा तो देखणा चर बुजवला आणि नवा खणला. हा त्या झाकणापर्यंत विटांच्या मागे मागे गेला. त्याने पाणी डाव्या कोपऱ्यातच धरलं आणि इमारतीपासून लांब, कंपाउंडच्या कडेने फिरवत आणलं. तिथे भिंतीपासून थोड्या अंतरावर छातीएवढा खड्डा केला. त्याच्या तळाशी विटांचे तुकडे हवे होते, आणि ते मी टेम्पो भरभरून घालवले होते! शेजारी कुणाच्या तरी बाथरूमचं काम निघालं होतं, त्यांच्याकडून मागून आणले. नवरा म्हणाला, "आधी फेकते, मंग मागते. सरकारी पद्धत." मी ऐकून घेतलं, कारण घमेलं त्यांच्याच डोक्यावर होतं. तुकड्यांवर पाला, चिपाडं, शेण, आणि कडेने केळीची पिलं, कर्दळ आणि अळू. खणलेली माती बाईंच्या पायरीपुढे बांधासारखी रचली. खड्डा भरलाच तर जादा पाणी चेंबरला मिळावं म्हणून उजवीकडचा उंचवटाही फोडला. बाई खुर्ची टाकून बसत आणि छडीने दाखवत. "इथे अजून बोटभर. नाही, बोटभर म्हटलं मी, वीतभर नाही." एवढा ओरडा मी साहेबांचाही कधी खाल्ला नव्हता. तरी रोज सकाळी केव्हा एकदा खाली जाते असं व्हायचं.

सप्टेंबरच्या मध्यावर परतीचा पाऊस आला. असल्या पावसाला पुण्यात सगळे घाबरतात. दुपारी तीनला अंधारलं आणि मग आभाळ फाटलं. गेटबाहेरच्या रस्त्यावर दुचाक्या ढकलत माणसं चालली होती. मी बाईंच्या स्वयंपाकघरात होते. दार सताड उघडं ठेवून आम्ही दोघी उभ्या होतो. नवराही येऊन मागे उभा राहिला.

डाव्या कोपऱ्यातून पाणी लोंढ्यासारखं आलं. चर भरला. ते वळणावर आपटलं, आता बांध फोडतंय असं वाटलं, आणि वळलं. खड्ड्यात कोसळायला लागलं. अळवाची पानं बुडाली. खड्डा भरला, तसं पाणी बांधाकडे सरकायला लागलं. पायरीपासून दोन हात, मग एक हात. बाईंनी माझं मनगट धरलं, ते मला दुखेपर्यंत घट्ट. मग ते पाणी उजवीकडे हललं, फोडलेल्या उंचवट्यातून वाट काढून चेंबरकडे धावलं. तासाभराने पाऊस ओसरला. बाईंनी वाकून फरशीवर हात फिरवला आणि तळवा माझ्यापुढे धरला. कोरडा.

मी रडले. साठाव्या वर्षी, गमबूट घालून, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात धाय मोकलून रडले. नवरा म्हणाला, "आता काहून रडून राहिली? जिंकली नं!" बाईंनी चहा टाकला. संध्याकाळी दिवे लागायच्या आत खड्ड्यातलं पाणी सगळं जमिनीत मुरलेलं होतं.

महिनाअखेरीला वार्षिक सभा झाली. विषयपत्रिकेवर पट्टा होताच. चेअरमनने मागच्या वर्षीची अट वाचून दाखवली आणि म्हणाला, "सो, सिंपल क्वेश्चन. या मान्सूनमध्ये पाणी एकदा तरी आत आलं का?"

परतीच्या पावसाची गोष्ट तोवर सगळ्या इमारतीला माहीत झाली होती. सगळे हसऱ्या तोंडाने माझ्याकडे बघत होते. नाही म्हटलं असतं तर कुणी शंकाही घेतली नसती. पण इतिवृत्तात खोटं लिहू द्यायचं नाही, ही सवय माझ्या हाडीमाशी खिळलेली आहे, आणि या मातीवर तर मला खोट्याचा एक कणसुद्धा नको होता. मी उभी राहिले.

"आलं," मी म्हणाले. "जुलैत एकदा. बोटभर. चर मी चुकीचा खणला होता म्हणून आलं."

चेअरमनने माझ्याकडे असं पाहिलं, की त्यालाच वाईट वाटलं असावं. "ओह. मग टेक्निकली, मॅडम..."

"टेक्निकली काय?" बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. मग छडी टेकून सावकाश उठल्या. शाळेत त्या उठल्या की वर्ग कसा शांत होत असेल, ते त्या दिवशी कळलं. "पाणी कुणाच्या स्वयंपाकघरात आलं?"

"बाई, तुमच्या."

"पुसलं कुणी?"

"...तुम्ही?"

"मी आणि मॅडमनी. तांदूळ माझे, फरशी माझी. तक्रार असलीच तर माझी असायला हवी, आणि माझी तक्रार नाही. एकोणीस वर्षं पाणी आलं तेव्हा या संस्थेत एक माणूस माझ्या दारात बघायला आला नाही. यांनी चूक केली, दुसऱ्या मिनिटाला खराटा घेतला, आणि ती दुरुस्त होईपर्यंत रोज सकाळी माझा ओरडा खाल्ला. आता ज्यांना तिथे पेव्हर ब्लॉक हवे आहेत त्यांनी हात वर करा. म्हणजे पुढच्या पावसात कुणाला हाक मारायची ते मला कळेल."

एकही हात वर झाला नाही.

"आता पट्टा मॅडमकडे राहावा म्हणणाऱ्यांनी."

मी मान खाली घातली होती. कपड्यांची सळसळ ऐकू आली, खुर्च्या वाजल्या. मान वर केली तेव्हा सगळ्या सभागृहात हातच हात होते. नवऱ्याने तर दोन्ही वर केले होते. चेअरमन मिनिटभर कागद चाळत राहिला, मग हसला आणि त्यानेही हात वर केला. "ओके, ओके. मीपण. एकमताने."

"मुदत?" सेक्रेटरीने पेन थांबवून विचारलं.

"मुदत कसली?" बाई म्हणाल्या. "कायम लिहा."

तो शब्द सेक्रेटरीने लिहिताना मी डोळ्यांनी पाहिला. मी आभार मानायला तोंड उघडलं. बाईंना त्याची गरजही नव्हती. त्या चेअरमनकडे वळल्या होत्या.

"हात आता खाली घ्या. आणि उद्या सकाळी साडेसहाला तोच घेऊन मागे या. पाला उचलायचाय, मॅडमचे गुडघे दुखतात."

दुसऱ्या दिवशी तो आला. सहा चाळीसला, ऑफिसचे बूट घालून आला, पण आला. केळीला नवं पान फुटलं होतं. ते बघायला तो वाकला आणि बुटासकट माझ्या मातीत घोट्यापर्यंत रुतला. वर्षापूर्वी तिथे पहार टणकन वाजत होती. मी त्याला तसाच उभा ठेवला, पोटभर हसून घेतलं आणि मग त्याच्या हातात घमेलं दिलं.